पायलट रोलआउट कसा आखायचा? हाफकिन यांच्याकडून शिकूया

नवी गोष्ट सगळीकडे लावण्याआधी थोड्या जागी लावून बघणं, म्हणजे पायलट. हे समजावताना मी वाल्देमार हाफकिन यांचं आयुष्य सांगतो.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसाचा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस शोधली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

पहिला टप्पा: १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचली.

दुसरा टप्पा: महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. जागा तीच, जेवण तेच, त्यामुळे तुलना करता आली. टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेले सोडले, तर लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि वाचले. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले, ६ दगावले.

तिसरा टप्पा म्हणजे मोठा रोलआउट, आणि घात तिथे झाला. उत्पादन वाढवताना हाफकिन यांनी पद्धत बदलली, कार्बोलिक ॲसिड वगळलं. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन. ठपका बदललेल्या पद्धतीवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९३० मध्ये ते लोझानला वारले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे.

मी पातूरमध्ये दुकानांना बिलिंगची ॲप बसवून देतो. यातून मी तीन नियम घेतलेत. दोन दुकानांत ॲप लावली, की तिसरं तुलनेसाठी जुन्या वहीवरच ठेवायचं. कुठल्या दुकानात कोणती आवृत्ती आहे, ते लिहून ठेवायचं. ५३-एन सापडली ती क्रमांकामुळेच. आणि बाळापूरला नेताना ॲपमध्ये काही बदललं, तर पायलट पुन्हा घ्यायचा. जे तपासलंच नाही, त्याची बाजू मांडता येत नाही.