बेफाम तेलविहिरींना आवरणारा रेड अडेर

पेणहून रोह्याकडे जाताना वाटेत नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प लागतो. हा प्रकल्प उभा राहिला तो मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातल्या बॉम्बे हायच्या वायूच्या भरवशावर. तिथे जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहीर बेकाबू झाली होती. अशा विहिरी आवरण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस म्हणजे पॉल ‘रेड’ अडेर.

१८ जून १९१५ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एका लोहाराच्या घरी अडेरचा जन्म झाला. घरच्या ओढाताणीमुळे शाळा अर्धवट सुटली. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत होता. पुढे मायरन किन्ली यांच्या हाताखाली तेलविहिरींच्या आगी विझवायला शिकला आणि १९५९ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. १९६२ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात कित्येक महिने पेटलेली वायूविहीर त्याने सुरुंगाच्या स्फोटाने विझवली. स्फोटाच्या धक्क्याने ज्योत आणि वायू यांची क्षणभर ताटातूट होते, हे त्यामागचे शास्त्र.

समुद्रात मात्र एवढ्याने भागत नाही. ३ जून १९७९ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘इक्स्टॉक-१’ ही विहीर फुटली. अडेरच्या पथकालाही ती वरून बंद करता आली नाही. अखेर दोन ‘रिलीफ वेल’ खोदाव्या लागल्या. रक्तस्राव जखमेवर दाबून थांबेना, तर शल्यचिकित्सक दुसरीकडून छेद घेऊन रक्तवाहिनी बांधतो; तसाच हा उपाय. बाजूने तिरकी विहीर खोदून फुटलेल्या विहिरीचा तळ गाठायचा आणि तिथे जड चिखल व सिमेंट भरायचे.

यात जोखीम मोठी. काही किलोमीटर खोलवरची, वीतभर रुंदीची विहीर शोधायची असते. नेम चुकला की मागे येऊन पुन्हा खोदायचे. नवी विहीरही त्याच दाबाच्या थरात शिरते, त्यामुळे तीही फुटू शकते. खोदणाऱ्यांना वायूचा धोका वेगळाच. काही विहिरींतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून वासावर विसंबायचे नाही. वायूमापक यंत्र आणि श्वसनयंत्र हवेच.

इक्स्टॉक बंद झाली २३ मार्च १९८० रोजी. तोवर साडेनऊ महिने उलटले होते. तेल टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

१९९१ मध्ये, पंचाहत्तरी गाठलेल्या अडेरच्या कंपनीने कुवेतमधील शंभराहून अधिक विहिरी आटोक्यात आणल्या. ७ ऑगस्ट २००४ रोजी, ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

दुसरी विहीर हा खात्रीचा पण सावकाश उपाय आहे. धरमतर खाडीतल्या मासेमारीवर ज्यांचे पोट आहे, त्यांना साडेनऊ महिने म्हणजे अख्खा हंगाम. तेव्हा विहिरीच्या तोंडावरच्या झडपा वेळच्या वेळी तपासणे, हीच खरी लस.