नगराची नाडी पाहणारा नियोजक

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंतचा मार्ग त्यात समाविष्ट झाला. महानगराची वाट आपल्या दाराशी आली की गावाच्या जमिनीला भाव येतो, रस्ते रुंद होतात आणि नवे नकाशे तयार होतात. त्या नकाशात गावातील मूळच्या माणसाला जागा कोठे, हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारला पाहिजे, असा आग्रह शंभर वर्षांपूर्वी याच देशात एका ब्रिटिश नियोजकाने धरला होता. पॅट्रिक गेडीस हे त्यांचे नाव.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या या प्रवर्तकाने वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. इतकेच नव्हे, तर कोणत्याही विद्यापीठाची पदवी परीक्षा त्यांनी दिली नव्हती. लंडनमध्ये टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधनासाठी गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम त्यामुळे दुरावले, पण कागदाला घड्या घालून त्या चौकटींत विचारांची मांडणी करण्याची जी सवय त्या अंधाऱ्या दिवसांत लागली, ती जन्मभर टिकली.

अर्थशास्त्राकडेही ते याच जीवशास्त्रीय दृष्टीने वळले. १८८४ मध्ये रस्किन यांच्या अर्थविचारावर आणि पुढच्या वर्षी अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवर त्यांनी लेखन केले. संपत्तीचे मोजमाप केवळ पैशात करणे त्यांना अपुरे वाटे. निसर्गातील साधने किती खर्ची पडली आणि त्यांच्या मोबदल्यात माणसाचे घर, आरोग्य व परिसर किती सुधारला, हा हिशेब त्यांच्या लेखी अधिक महत्त्वाचा होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्यापासून त्यांनी स्थळ, काम आणि लोक ही त्रयी घेतली. या तिन्हींचा एकत्र विचार केल्यावाचून कोणतेही गाव समजत नाही, हे त्यांचे मूलसूत्र ठरले.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यानंतर लवकरच हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील एका दाटीवाटीच्या चाळवजा इमारतीत राहावयास गेले. सुखवस्तू वर्ग ज्या वस्तीकडे पाठ फिरवीत होता, तेथे त्यांनी अंगण साफ करणे, भिंतींना रंग देणे, पडीक घर दुरुस्त करणे यांपासून आरंभ केला आणि शेजाऱ्यांना कामात ओढले. विद्यार्थ्यांसाठी स्वयंशासित वसतिगृहे उभारली. या उद्योगात कर्जाचा डोंगर झाला आणि १८९६ मध्ये मित्रांना कंपनी स्थापून त्यांच्या मालमत्तेचा भार उचलावा लागला. जमाखर्चाच्या बाबतीत गेडीस व्यवहारी नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. १८८८ पासून डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या पदावर वर्षातील एकच सत्र शिकवावे लागे, म्हणून उरलेला काळ त्यांना या कामासाठी मिळाला.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन वाहून नेणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षांचा संग्रह समुद्रात गेला. तथापि स्नेह्यांनी युरोपातून नवी सामग्री जमवून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरले. त्याच वर्षी नगरांवरचा त्यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या शहरांच्या पुंजक्याला आज इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, तो त्यातूनच प्रचारात आला.

पुढील काही वर्षे गेडीस शहरामागून शहर पालथे घालीत होते. लखनौ, बडोदे, ढाका, जबलपूर अशा कितीतरी शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. नागपूरच्या नगररचनेवरही लिहिला. प्लेगच्या भीतीने त्या काळी नगरपालिका दाट वस्त्या पाडून सरळ रस्ते काढीत होत्या. गेडीस हे गल्लीबोळांतून पायी हिंडत, एकेक घर, विहीर, झाड आणि देऊळ नकाशावर नोंदवीत. मग एखादे पडके घर काढावे, दोन बोळ जोडावेत, मोकळ्या जागेत झाड लावावे, असे ते सुचवीत. हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्यासही त्यांचा विरोध असे. तळे स्वच्छ ठेवून त्यात मासे सोडावेत, असे त्यांचे मत होते. आधी रोगनिदान आणि मग जरुरीपुरती शस्त्रक्रिया, ही त्यांची पद्धत होती.

या पद्धतीमागे रोकडा हिशेब होता. शंभर घरे पाडून रस्ता काढला, तर नगरपालिकेच्या वहीत खडी, मजुरी आणि नुकसानभरपाई एवढाच खर्च दिसतो. उठविलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीत कोंबली जातात, तेथे भाडे चढते, गर्दी वाढते, कामाची जागा दूर पडते. हा खर्च गरिबाच्या खिशातून जातो आणि म्हणूनच तो कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. गेडीस यांनी तो मोजावयास लावला आणि आपल्या पद्धतीने काम किती स्वस्तात होते, हे अहवालांतून दाखवून दिले. पाडापाडीवर विश्वास असलेल्या अभियंत्यांना ते अर्थातच रुचले नाही.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांना मोकळीक मिळाली. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरचे लोक आपला भाग सर्वांत स्वच्छ ठेवतील तेथून जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. घरोघर झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा निघाल्या आणि अखेरीस त्यांचे दहन झाले. जे काम दंडाच्या धाकाने होत नव्हते, ते उत्सवाने केले. इंदूरवरील त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा काळ त्यांच्यासाठी वैयक्तिक आघातांचाही होता. १९१७ मध्ये थोरला मुलगा अ‍ॅलस्डेअर युद्धात मारला गेला. आजारी अ‍ॅना यांच्यापासून ही वार्ता त्यांनी लपविली, आणि काही आठवड्यांतच त्याही भारतातच निवर्तल्या. गेडीस यांनी काम थांबविले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. १९२४ मध्ये ते निघून गेल्यावर ती धुरा गो. स. घुर्ये यांनी सांभाळली. १९२५ मध्ये गेडीस यांनी तेल अवीवचा आराखडा केला. अहवाल कपाटात पडून राहण्याचे दुर्दैव वाट्याला आलेल्या या माणसाचा तेवढा एक नगर-आराखडा मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरला. १९३२ च्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला आणि १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मर्यादा नाकारण्याचे कारण नाही. परकीय सत्तेच्या चौकटीत लोकसहभाग कितपत शक्य आहे, याचा त्यांनी पुरेसा विचार केला नाही. तरीही त्यांची एक शिकवण कन्हानला तंतोतंत लागू पडते. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे नदीचे खोरे हाच नियोजनाचा खरा घटक होय, असे ते सांगत. कन्हान नदी सातपुड्यातून येते. तिच्या खोऱ्यात जंगल आहे, कोळसा व मँगनीजच्या खाणी आहेत, शेती आहे आणि तिचे पाणी नागपूर पिते. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा खोऱ्यातील एका ठिकाणची चूक खालच्या सर्वांना कशी भोवते, हे दिसून आले. महानगराचा नकाशा काढताना नदी आणि तिच्या काठचा खाणकामगार व भाडेकरू यांना वगळले, तर रस्ते सरळ होतील, पण हिशेब चुकेल. मेट्रोचे खांब उभे राहण्यापूर्वी कन्हानच्या गल्ल्या कोणीतरी पायी हिंडून नोंदविल्या पाहिजेत. हे काम परकीय तज्ज्ञाची वाट न पाहता येथील शिक्षक आणि विद्यार्थीही करू शकतात.