जिआकोमो चामिचान: गच्चीवर रसायनं ‘पिकवणारा’ माणूस

मे महिन्यात वाशिमला भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा! हेच ऊन कोळशाऐवजी रसायनं बनवायला वापरता येईल, हे जिआकोमो चामिचान यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

1857 साली त्रिएस्तमध्ये एका आर्मेनियन वंशाच्या घरात त्यांचा जन्म झाला. 1889 पासून ते इटलीतल्या बोलोन्यात प्राध्यापक होते. सहकारी पॉल सिल्बर आणि ते काचेच्या नळ्यांत रसायनं भरून गच्चीवर ठेवायचे, कधी कधी तर महिनोन्‌महिने. भट्टी वगैरे काही नाही. उष्णता सगळ्याच रेणूंना ढवळते. प्रकाश मात्र जो रेणू त्याला शोषतो त्यालाच जागं करतो. त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि एरवी न होणारी अभिक्रिया घडते. शेपूच्या बियांत असतं त्या कार्व्होनपासून त्यांनी 1908 मध्ये असाच नवा पदार्थ मिळवला. त्याची रचना पक्की व्हायला 1957 उजाडलं!

1912 मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी थेट सांगितलं, कोळसा संपणार आहे. रखरखीत प्रदेशांत बिनधुराचे, काचेचे कारखाने उभारा. मला तर ते वऱ्हाडाबद्दलच बोलल्यासारखं वाटतं.

नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं नाही. 1922 मध्ये ते वारले. पुढे खनिज तेल स्वस्त होतं, विषय मागे पडला. 2008 नंतर दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांनी तो परत आणला. आता तेच काम निळ्या एलईडीखाली काही तासांत होतं, आणि त्या एलईडीची वीज गच्चीवरच्या सोलर पॅनलवरून घेता येते.