लक्ष्मणराव किर्लोस्कर: हरळी आणि कुंद्याशी झुंजणारा लोखंडी नांगर

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या काठची जमीन भारी आणि काळी आहे. अशा जमिनीत हरळी, कुंदा किंवा लव्हाळा एकदा शिरला की वरवरच्या वखरणीने हटत नाही. त्यावर उन्हाळी खोल नांगरट हा जुना उपाय. तो सामान्य शेतकऱ्याच्या हाती देणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर आघाडीवर होते.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचे दुकान चालवले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र बनवले.

न खपणारा नांगर

1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलथत नाही. हरळीच्या जमिनीतल्या काशा आणि कुंद्याची मुळे त्याच्या खालीच राहतात. मग कुदळीने खणून काढणे किंवा ते रान सोडून देणे, एवढेच शेतकऱ्यापुढे उरत असे. लोखंडी नांगर तास खोल घेतो आणि खालची माती वर आणून उन्हात टाकतो.

तरीही पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. शेतकऱ्याची भीती समजण्यासारखी होती, कारण प्रयोग फसला तर पूर्ण हंगाम जातो. लक्ष्मणरावांनी नांगर बनवणे सोडले नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी यातून घेण्यासारखे हेच की नवे अवजार स्वीकारायला वेळ लागतो. बोलण्यापेक्षा शेजाऱ्याच्या बांधावरचे प्रात्यक्षिक लवकर पटते.

निवडुंगाचा माळ

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. तो निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ होता. 1910 मध्ये कामगारांसह त्यांनी तो साफ केला आणि किर्लोस्करवाडी वसवली. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

आज आपल्या रानात

आता ट्रॅक्टर आहे, तरी तत्त्व तेच आहे. हिरव्या हरळीत थेट रोटाव्हेटर फिरवला तर काशांचे तुकडे होतात, ओल मिळताच प्रत्येक डोळा फुटतो आणि एका ठिकाणची हरळी रानभर पसरते. घर, शाळा किंवा देवळापुढे नवे लॉन करायचे असो की पिकाचे रान, क्रम असा ठेवावा:

- रब्बी निघाल्यावर एप्रिल-मेमध्ये 20 ते 25 सेंमी खोल नांगरट करावी.
- ढेकळे तशीच ठेवून किमान 3-4 आठवडे तापू द्यावीत. खानदेशचे कडक ऊन इथे कामी येते.
- उघड्या पडलेल्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून शेताबाहेर न्याव्यात. बांधावर टाकू नयेत. लव्हाळा एका वर्षात संपत नाही.
- मग वखराची पाळी देऊन, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून जमीन सपाट करावी. कच्च्या शेणखतातून तणांचे बी येते.
- लॉनसाठी एकदा पाणी देऊन तण उगवू द्यावे, ते काढावे आणि नंतरच गवत लावावे.

लॉनसाठी आपण बहुधा हरळीच्याच जाती लावतो. म्हणून रानटी हरळी आधी मुळासकट काढणे जास्त गरजेचे आहे. नंतर दोन्ही एकमेकांत मिसळली की वेगळी करता येत नाहीत.