महर्षी कर्वे यांची विद्यायात्रा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे विधवाशिक्षणाचे कार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या परदेशप्रवासाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. म्हणून तेवढाच भाग आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

१८५८ साली कोकणात जन्मलेल्या अण्णांनी फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे गणित शिकविले. पुढे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली. त्या स्फूर्तीने १९१६ साली त्यांनी आपले महिला विद्यापीठ स्थापिले. विद्यार्थिनी अवघ्या ५. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. सरकारी मान्यता नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांचे दान दिल्याने संस्थेस स्थैर्य लाभले.

१९२९ साली, सत्तरी गाठलेले अण्णा जगप्रवासास निघाले. लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. जिनिव्हा व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांस ते उपस्थित राहिले. अमेरिकेतही त्यांनी व्याख्याने दिली. ज्या टोकियोने स्फूर्ती दिली, ते विद्यापीठही त्यांनी प्रत्यक्ष पाहिले व १९३० च्या एप्रिलात ते स्वदेशी परतले.

अण्णांना निधी हवाच होता. परंतु ते रित्या हाताने गेले नव्हते. तेरा वर्षांचा स्वतःचा प्रयोग त्यांच्यापाशी सांगण्याजोगा होता. विद्यापीठास कायद्याचे अधिष्ठान १९५१ साली लाभले. ते पाहूनच १९६२ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी, अण्णा निवर्तले. परदेशी विद्यापीठांशी संबंध जोडू इच्छिणाऱ्या आमच्या संस्थाचालकांनी प्रथम देण्याजोगे काही घरी उभारावे, हाच या चरित्राचा बोध होय.