होजे रिझाल आणि त्यांची शाळा



तुमच्यापैकी जे आखाती देशांत नोकरीला होते किंवा बोटीवर काम करतात, त्यांना फिलिपिनो सहकाऱ्यांची ओळख मी करून द्यायला नको. नाताळ झाला की त्यांच्या देशात लगेच ३० डिसेंबरला राष्ट्रीय सुट्टी येते. १८९६ साली त्या दिवशी सकाळी मनिला शहरात स्पॅनिश सरकारने डॉ. होजे रिझाल यांना गोळ्या घालून ठार केले. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. डॉक्टर, कवी, कादंबरीकार आणि आज त्या देशाचे राष्ट्रपुरुष.

त्यांच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्यांच्या शाळेविषयी सांगायचे आहे. रिझाल येशूसंघाच्या म्हणजे जेज्वीट फादरांच्या शाळेत शिकले. पुढे त्यांनी ख्रिस्तसभेच्या कारभारावर जळजळीत टीका केली, ते फ्रीमेसन झाले, साक्रामेंतांपासून दूर गेले. तरी ती शाळा त्यांच्या मनातून गेली नाही आणि शाळेनेही त्यांना टाकले नाही. धर्मगुरू म्हणून मला ही गोष्ट सहज पचत नाही. म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

होजेचा जन्म १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातील कालांबा गावी झाला. अकरा भावंडांतला तो सातवा. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो शेतकरी, डॉमिनिकन संघाच्या मालकीची जमीन खंडाने कसणारे. आई तेओदोरा शिकलेली होती. अक्षरे आणि प्रार्थना त्याला आईनेच शिकवल्या. १८७२ साल ह्या घराला फार वाईट गेले. विषप्रयोगाच्या खोट्या आरोपावरून आईला पकडून दूरच्या सांताक्रूझ गावापर्यंत पायी चालवत नेले आणि ती सुमारे अडीच वर्षे तुरुंगात राहिली. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा ह्या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना बंडाच्या आरोपाखाली देहदंड झाला. स्थानिक धर्मगुरूंना धर्मग्राम मिळावेत, सगळे स्पॅनिश संघांच्या हाती जाऊ नयेत, ही बुर्गोस यांची मागणी होती. होजेचा थोरला भाऊ पासियानो ह्याच फादर बुर्गोसांचा विद्यार्थी.

अशा घरातला अकरा वर्षांचा मुलगा जून १८७२ मध्ये मनिलाच्या ‘आतेनेओ म्युनिसिपाल’ शाळेच्या दारात उभा राहिला. नावनोंदणी करणाऱ्या फादरांनी आधी नकारच दिला. मुदत संपली होती, आणि मुलगाही वयाच्या मानाने लहानखुरा आणि किरकोळ प्रकृतीचा. अखेर फादर बुर्गोसांच्या एका पुतण्याने शब्द टाकला तेव्हा प्रवेश मिळाला. मेर्कादो हे आडनाव सरकारच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने रिझाल हे नाव लावले.

ही शाळा तेव्हा जुनी नव्हती. १७६८ मध्ये फिलिपिन्समधून हद्दपार झालेले येशूसंघीय १८५९ साली परतले आणि त्यांनी शहराची एक लहान शाळा हाती घेतली. (खरे सांगायचे तर त्यांचे परतणे सर्वांच्या सुखाचे झाले नाही. त्यांना मिंदानाओ बेटावरील मिशन मिळाले, तेथून हललेल्या दुसऱ्या संघाला भरपाई म्हणून स्थानिक धर्मगुरूंचे धर्मग्राम दिले गेले आणि बुर्गोसांची तक्रार त्यातूनच वाढली. आपल्या इतिहासात असे गुंते पुष्कळ आहेत.)

आतेनेओतला वर्ग दोन साम्राज्यांत वाटलेला असे. शाळेत राहणारी मुले ‘रोमन’, बाहेरून येणारी ‘कार्थेजियन’. दोहोंत चुरस. जो सर्वांत हुशार तो सम्राट, आणि त्याला आव्हान देऊन त्याची जागा कोणीही घेऊ शकत असे. नव्या मुलाला शेवटची जागा मिळे. होजेही तिथेच बसला. त्याचे स्पॅनिश कच्चे होते, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो पैसे देऊन दुसरीकडे शिकवणी घेई. महिन्याभरात तो सम्राट झाला.

ह्यात विशेष काय, असे कोणी विचारेल. आपल्या शाळांतही पहिला नंबर येतोच. पण त्या देशात तेव्हा माणसाची किंमत रक्तावर ठरत होती. स्पॅनिश वर, मिश्र रक्ताचा मधे आणि ‘इंदिओ’ म्हणजे देशी माणूस तळाशी. त्या वर्गात मात्र तिन्ही प्रकारची मुले एका रांगेत बसत आणि सावळा मुलगा गोऱ्या मुलाला उठवून त्याच्या बाकावर बसू शकत असे. ज्याने हे लहानपणी एकदा अनुभवले, तो बाहेरच्या जगाची उतरंड देवाने घालून दिलेली आहे असे कसे मानणार? फादरांनी त्याला बंड शिकवले नाही. पण हे शिकवले.

फादर फ्रान्सिस्को दे पाउला सांचेझ हे त्याचे सर्वांत आवडते शिक्षक. त्यांनी त्याच्याकडून कविता लिहून घेतल्या, त्या तपासल्या, पुन्हा लिहायला लावल्या. होजे मरियेच्या सोडॅलिटीचा सचिव झाला. हात कलेचा होता. खिशातल्या चाकूने त्याने लाकडात मरियेची मूर्ती कोरली. ती पाहून फादर ल्योनार्त यांनी त्याला येशूच्या पवित्र हृदयाची मूर्ती करायला सांगितले. ती त्यांना स्पेनला न्यायची होती, पण जाताना ते विसरून गेले. मुलांनी ती आपल्या वसतिगृहाच्या दारावर लावली आणि ती तिथेच राहिली. ही मूर्ती ध्यानात ठेवा.

२३ मार्च १८७७ रोजी सर्वोच्च गुणांनी तो पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे डॉमिनिकन फादरांच्या सांतो तोमास विद्यापीठात गेला, पण तेथे त्याचे मन रमले नाही. पाय आतेनेओकडेच वळत. जमीन मोजणीचा अभ्यासक्रम त्याने तिथेच पुरा केला, आणि ८ डिसेंबर १८८० रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाला, त्याने लिहिलेली नाटिका त्या शाळेत झाली.

१८८२ मध्ये रिझाल युरोपला गेले, माद्रिदला डॉक्टर झाले, पॅरिस व हायडेलबर्गला नेत्ररोगांचा अभ्यास केला. १८८७ मध्ये बर्लिनला त्यांची पहिली कादंबरी छापली गेली, मित्राकडून उसने पैसे घेऊन, दोन हजार प्रती. ‘नोली मे तांगेरे’ हे तिचे नाव. पुनरुत्थित प्रभू मरिया माग्दालेनाशी जे बोलतो, त्या योहानाच्या विसाव्या अध्यायातले ते शब्द. मठवासी संघांच्या स्पॅनिश धर्मगुरूंचा लोभ आणि जुलूम तिने उघडा केला. सांतो तोमासच्या समितीने तिला पाखंडी ठरवले. त्याच वर्षी मायदेशी आले तेव्हा रिझाल जुन्या फादरांना भेटायला गेले. वेधशाळेचे फादर फाउरा यांनी, ह्या पुस्तकापायी तुझे डोके जाईल असा इशारा दिला, असे सांगतात. पुढे जमिनीच्या वादात डॉमिनिकन संघाने त्यांच्या कुटुंबाला कालांबातून बाहेर काढले, आणि त्यांची लेखणी आणखी कडवट झाली. १८९१ च्या दुसऱ्या कादंबरीत शिक्षणाची टर उडवणारी प्रकरणे आहेत. पण त्याच पुस्तकात बासिलिओ नावाचा गरीब विद्यार्थी आतेनेओत येतो आणि त्याच्यापुढे नवे जग उघडते. रागाच्या भरातही रिझाल यांनी हिशोब चोख ठेवला.

जुलै १८९२ मध्ये त्यांना मिंदानाओवरील दापितान येथे हद्दपार केले. ते मिशन येशूसंघाचेच. चुका मागे घेत असाल तर मिशनच्या घरात राहा, असा निरोप मिळाला. त्यांनी नाकारले. मग मनिलाहून फादर पाब्लो पास्तेल्स यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. हे फादर एकेकाळी शाळेत त्यांच्या सोडॅलिटीचे मार्गदर्शक होते. श्रद्धा आणि बुद्धी हा विषय आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात परीक्षेपुरता घोकला होता. इथे दोन माणसे त्यावर जीव ओतून भांडत होती. रिझाल यांचे म्हणणे असे की, चित्रकलेच्या वर्गात मुले एकाच पुतळ्याभोवती बसून आपापल्या जागेवरून तो काढतात, तशी माणसे सत्याकडे पाहतात. फादरांना हे मान्य नव्हते, मलाही पूर्ण मान्य नाही. मनवायला फादर सांचेझ प्रत्यक्ष दापितानला आले. मन वळले नाही. मग त्या दोघांनी काय करावे? गावच्या चौकात माती आणि दगडांनी मिंदानाओ बेटाचा उठावाचा नकाशा घडवला. तो तेथे आजही दाखवतात.

सोडतीत मिळालेल्या पैशांतून रिझाल यांनी जवळच तालिसाय येथे जमीन घेतली. दवाखाना काढला, गावाला पाणी आणले, आणि त्यासाठी आतेनेओतले मोजणीचे शिक्षण कामी आले. गावच्या मुलांसाठी शाळा काढली. फी नव्हती, मुले शेतात आणि बांधकामात मदत करत. दुपारी वर्ग भरे. एका लांब बाकावर सर्वांत हुशार मुलगा पहिला, कच्चा मुलगा शेवटी. पहिल्या मुलाला रिझाल ‘सम्राट’ म्हणत. तेथेच त्यांनी आपले जुने शिक्षक फादर गेरीको यांचा मातीचा अर्धपुतळा घडवला. कोणी सांगितले नव्हते.

ऑगस्ट १८९६ मध्ये क्रांती पेटली. क्युबाला लष्करी डॉक्टर म्हणून निघालेल्या रिझाल यांना वाटेतून परत आणले, आणि २६ डिसेंबरच्या एका दिवसाच्या खटल्यात मृत्युदंड ठरला. २९ ला सकाळी सान्तियागो किल्ल्यातील कोठडीत आतेनेओचे रेक्टर फादर सादेर्रा आणि फादर विझा आले. वसतिगृहाच्या दारावरची पवित्र हृदयाची ती मूर्ती त्यांनी बरोबर आणली होती. जवळजवळ वीस वर्षे शाळेने ती सांभाळली होती. त्या दिवशी आणि रात्री एकामागून एक फादर येत राहिले, फाउराही आले.

येशूसंघीयांच्या सांगण्यानुसार त्या रात्री रिझाल यांनी आपली मते मागे घेतल्याच्या कागदावर सही केली, पापनिवेदन केले, ख्रिस्तशरीर स्वीकारले. तो कागद पुढे हरवला आणि १९३५ मध्ये मनिलाच्या धर्मप्रांताच्या दप्तरात सापडला. सही खरी की खोटी, ह्यावर तेथील अभ्यासक अजूनही भांडतात. मी त्या वादात पडणार नाही. ते खरे असावे असे मला मनापासून वाटते, पण माझ्या वाटण्याने पुरावा होत नाही. फादर मात्र कोठडीत आले होते. ज्याने त्यांचे ऐकले नाही, त्याच्याकडे ते शेवटच्या रात्रीही गेले, आणि त्यानेही त्यांना परत पाठवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागुम्बायानच्या मैदानाकडे नेताना दंड मागे बांधलेले होते. दोन बाजूंना फादर मार्च आणि फादर विलाक्लारा चालत होते. तटाच्या पलीकडे दोन मनोरे दिसले. ते आतेनेओचेच ना, असे रिझाल यांनी विचारले. फादर हो म्हणाले. तिथे घालवलेल्या वर्षांची त्यांनी आठवण काढली, आणि तिघे पुढे चालू लागले.