जॉन हंटर : दाताचा आणि हाडाचा शोध

टेंभी नाक्याच्या आसपास दंतवैद्यांच्या पाट्यांवर इम्प्लांट हा शब्द आता सर्रास वाचायला मिळतो. दात पडून काही वर्षे लोटल्यावर जो रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो, त्याला बहुधा आणखी एक शब्द ऐकावा लागतो, तो म्हणजे बोन ग्राफ्टिंग. जबड्याचे हाड खचले आहे, स्क्रू धरून ठेवील एवढी जाडी उरलेली नाही, तेव्हा आधी हाड भरून घ्यावे लागेल, असे त्याला सांगितले जाते. खर्च वाढतो, काही महिने थांबावे लागते. पडला तो दात, मग हाड कुठे गेले, हा रुग्णाचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका शल्यविशारदाने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव जॉन हंटर.

हंटर यांचा जन्म १७२८ सालचा, स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळचा. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. १७४८ मध्ये ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्याकडे आले आणि त्यांच्या शरीररचनाशास्त्राच्या शाळेत शवविच्छेदन करू लागले. त्यासाठी लागणारी प्रेते थडगी उकरणाऱ्यांकडून येत. त्या काळातील बहुतेक शिकवण्या याच मार्गाने चालत. पुढे त्यांनी लष्करात शल्यवैद्य म्हणून नोकरी केली. १७६३ मध्ये परतल्यावर लंडनमध्ये जम बसेना, तेव्हा त्यांनी जेम्स स्पेन्स या दंतवैद्याबरोबर काम सुरू केले. प्रतिष्ठित शल्यवैद्य दातांच्या कामाला कमी लेखत. हंटर यांनी मात्र त्यातच शास्त्र पाहिले.

मानवी दातांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १७७१ मध्ये आणि दुसरा १७७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड कसे वाढते हे पाहण्यासाठी त्यांनी डुकरांना मंजिष्ठेच्या जातीची लाल मुळी चारली. त्या काळात तयार झालेले हाड लाल दिसते. हाड एका बाजूने भरत असते आणि दुसरीकडे शोषले जात असते, हे त्यातून स्पष्ट झाले. जबड्याविषयीचा त्यांचा निष्कर्ष तर आजही टिकून आहे. दात ज्या खोबणीत बसतो, ते हाड जबड्यापेक्षा दाताचेच अधिक आहे. ते दाताबरोबर घडते आणि दात गेला की शरीर ते शोषून घेते.

हाडाच्या बाबतीत एवढी अचूक असलेली ही नजर दाताच्या बाबतीत चुकली. माणसाचा नुकताच काढलेला दात त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. पुष्कळ प्रयत्नांत एखादाच साधला. पण जिवंत दात दुसऱ्या शरीरात रुजतो, हा विश्वास त्यावर उभा राहिला. मग श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात बसवण्याची टूम लंडनमध्ये फोफावली. दात देणाऱ्या एकापेक्षा अधिक मुलांना हजर ठेवावे, पहिल्याचा दात नीट बसला नाही तर दुसऱ्याचा काढता येतो, असा हंटर यांचा सल्ला होता. न बसलेला दात ज्याचा होता, त्याचे तोंड मात्र कायमचे रिकामे राही. थॉमस रोलँडसन या व्यंगचित्रकाराने १७८७ मध्ये या प्रकारावर चित्र काढले. शल्यवैद्यांच्या ग्रंथांपेक्षा त्या चित्रात अधिक कणव आहे. असे दात काही वर्षांत हलू लागत. दाताबरोबर उपदंशासारखे रोग येतात, अशा तक्रारीही झाल्या; हंटर यांनी त्या अखेरपर्यंत मान्य केल्या नाहीत.

दुसऱ्याचा दात रुजवण्याचा नाद सुटला, पण रिकाम्या जागेचा प्रश्न राहिला. १९५० च्या दशकात स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाने इतकी घट्ट धरली की ती निघेना. १९६५ मध्ये त्यांनी टायटॅनियमची मुळे पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवली. धातूला धरायला हाड हवे, आणि ते तर हंटर यांनी सांगितल्याप्रमाणे दातामागोमाग गेलेले असते. म्हणून रुग्णाच्याच हनुवटीतले किंवा कमरेचे हाड, नाहीतर प्रक्रिया केलेले प्राण्याचे हाड तिथे भरावे लागते. दात काढल्यावर फार काळ जागा रिकामी ठेवू नका, असे दंतवैद्य सांगतात त्यामागे हेच कारण असते.

हंटर यांचा नंतरचा काळ वैभवाचा होता. १७७६ मध्ये ते राजे तिसरे जॉर्ज यांचे शल्यवैद्य झाले. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर त्यांचे शिष्य. लेस्टर स्क्वेअरमधील घरात त्यांनी हजारो नमुन्यांचे संग्रहालय उभारले आणि मिळालेला पैसा त्यातच ओतला. हृदयविकार जडला होता आणि स्वभाव तापट. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला आणि तिथेच त्यांचा अंत झाला. १७९९ मध्ये सरकारने त्यांचा संग्रह १५ हजार पौंडांना विकत घेतला. १९४१ च्या बॉम्बवर्षावात त्यातील बराच भाग नष्ट झाला. तुऱ्यात माणसाचा दात रोवलेले कोंबड्याचे डोके मात्र बचावले; लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात ते जपून ठेवले आहे.